चावरा म्हणण्याआधी

आमच्या शेल्टरमध्ये प्रत्येक केनेलच्या दाराला एक कार्ड अडकवलेले असते. कुत्र्याचा नंबर, नर की मादी, अंदाजे वय, आल्याची तारीख, लसीकरण, नसबंदी एवढी माहिती त्यावर असते. बहुतेक कार्डे पांढरी, काही मोजकी लाल. लाल कार्डावर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेले असते : ‘धोकादायक’. अशा कुत्र्याला स्वयंसेवकांनी बाहेर काढायचे नाही, दत्तक घ्यायला आलेल्यांना तो दाखवायचा नाही आणि त्याच्या केनेलची सफाई मधले सरकते दार लावूनच करायची, असा नियम आहे. नियम कामगारांच्या सुरक्षेसाठी आहे आणि तो हवाच. पण एकदा लागलेले लाल कार्ड कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर काढायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. हरण्या नावाच्या कुत्र्यामुळे मला ते समजले.

मी पुण्यात शिक्षिका आहे. शहराबाहेरच्या या शेल्टरमध्ये गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी जाते. हरण्या आला तो पावसाळ्यात. हायवेलगतच्या एका नव्या गृहसंकुलाभोवती तो फिरत होता. उंच, सडपातळ, पोट आत गेलेले, छाती खोल, तोंड लांबुळके. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखा तो दिसत नव्हता, म्हणून लोक जास्तच घाबरले. तक्रारी गेल्या, व्हॅन आली, गळ्यात फास टाकून त्याला पकडले आणि आमच्याकडे आणून उतरवले. उतरवतानाच तो व्हॅनवरच्या एका मुलाला चावला. पुढे आठवडाभराने एका स्वयंसेवक विद्यार्थिनीला चावला. त्याच दिवशी दाराला लाल कार्ड लागले. जातीच्या रकान्यात ‘देशी मिक्स’ असे लिहिले होते.

केनेलची देखभाल करणारे मामा लातूरकडचे. त्यांनी ते कार्ड वाचले आणि मान हलवली. “ताई, ह्यो मिक्स न्हाई, कारवानी हाय. आमच्याकडं असल्या रंगाच्याला हरण्या म्हणत्यात. परक्याचा हात ह्येच्या डोक्यावर चालत न्हाई. मालकाशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत न्हाईत ही कुत्री.” नाव तिथेच पडले.

मामांचे म्हणणे मी पडताळून पाहिले. कारवानी हा दख्खनचा जुना शिकारी कुत्रा. मराठवाडा, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या माळरानावर तो वाढला. लातूर जिल्ह्यातले जानवळ हे गाव त्याच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. कर्नाटकातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच वंशाच्या कुत्र्यांची जोपासना केली, म्हणून तिकडे त्याला मुधोळ हाउंड म्हणतात. २००५ साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळ होता. पुढे लष्करानेही मेरठच्या केंद्रात मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण दिले. हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर चालते. लांबची हालचाल टिपायची आणि वाऱ्यासारखे सुटायचे, यासाठीच त्याची घडण झाली. घरच्यांशी ते एकनिष्ठ असते, अनोळखी माणसापासून अंतर राखते. म्हणजे आमच्याकडे आलेला कुत्रा माणसांपासून अंतर मागणारा होता आणि आम्ही त्याला अशा जागी ठेवले होते, जिथे दिवसभर अनोळखी माणसे त्याच्या दारावरून जात होती.

जातीचा स्वभाव हा चावण्याचा खुलासा होऊ शकत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मी नोंदवही उघडली. दोन ओळी होत्या. ‘उतरवताना कर्मचाऱ्यास चावला.’ ‘स्वयंसेविकेस चावला.’ चावण्याआधी काय झाले, कुत्रा कुठे होता, कोणी कुठून हात घातला, चावल्यावर त्याने सोडले की धरून ठेवले, याबद्दल एक शब्दही नव्हता. मग मी दोघांनाही भेटले.

व्हॅनवरच्या मुलाच्या हातावर दात खोल गेले होते. पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम धुऊन त्याला पालिकेच्या दवाखान्यात नेले होते. जखमेतून रक्त आले की ती तिसऱ्या श्रेणीची धरतात. अशा वेळी लसीबरोबर जखमेत आणि भोवती रेबीजविरोधी सीरमही टोचावे लागते. ते त्याला मिळाले होते, लसीचे पुढचे डोसही त्याने घेतले. मला तो म्हणाला, “ताई, मी दोष देत नाही त्याला. पण आता कुत्र्याच्या तोंडाजवळ हात नेताना थरथरतो मी.” त्याचे हे भय खरे होते. कुत्र्याची बाजू मांडायची तर आधी या मुलाची बाजू पूर्ण ऐकून घ्यायला हवी, हे मी तेव्हाच ठरवले. जखम झालेल्या माणसाला गप्प करून वाचवलेला कुत्रा फार दिवस वाचत नाही. लोकांचा राग साठतो आणि तो पुढच्या कुत्र्यावर निघतो.

मी त्याला तो प्रसंग क्रमाने सांगायला लावला. कुत्र्याच्या गळ्यात काठीचा फास होता. दोघे ओढत होते. फास आवळला गेला म्हणून तो सैल करायला याने हात घातला, तेही कुत्र्याच्या डाव्या कानामागून. विद्यार्थिनीने सांगितले ते असे : हरण्या खात होता. त्याने मान वर न करता खाणे थांबवले, अंग ताठ केले. तिला वाटले तो शांत झाला. तिने वाकून डोक्यावरून हात फिरवला. डाव्या बाजूने. त्याने एकदाच दात मारले आणि मागे सरून कोपऱ्यात गेला.

दोन्ही वेळा डावी बाजू. मी हे आमच्या डॉक्टरांना सांगितले. त्यांनी गुंगी देऊन तपासायचे ठरवले. अशा सडपातळ, चरबी नसलेल्या कुत्र्यांना भूल देताना जास्त काळजी घ्यावी लागते, औषधेही निवडून वापरावी लागतात. तपासणीत दोन गोष्टी सापडल्या. डाव्या कानात आतपर्यंत संसर्ग होता, पू झाला होता. वरच्या जबड्यातली डावी मोठी दाढ तुटलेली होती आणि तिच्या मुळाशी गळू होते. साखळी किंवा गज चावणाऱ्या कुत्र्यांची ही दाढ अशी तुटते. डॉक्टर म्हणाले, “याच्या डोक्याला हात लावला की त्याला किती दुखत असेल याची कल्पना करा.” दाढ काढली, कानाचा उपचार सुरू झाला. चावल्यानंतरचे दहा दिवस त्याला निरीक्षणाखाली ठेवले होते. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता असे समजतात. तोही काळ दोन्ही वेळा सुखरूप पार पडला होता.

हे सगळे कागदावर उतरवून मी व्यवस्थापकांकडे गेले. ते चांगले गृहस्थ आहेत, पण त्यांच्यावर जबाबदारी मोठी आहे. त्यांनी एकच प्रश्न विचारला : “उद्या हा कुणा लहान मुलाला चावला तर उत्तर कोण देणार?” प्रश्न अगदी रास्त होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार संशयित रेबीजग्रस्त प्राणी चावलेल्या माणसांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. भावनेच्या भरात याला उत्तर देता येत नाही. शेल्टरच्या समितीतल्या एकांनी तर दयामरणाचा विषय काढला. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत दयामरण हे असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्यांसाठी आहे, आणि तेही नेमलेल्या पथकाने निदान केल्यावर. हरण्या या दोन्हींत बसत नव्हता, हे मी नियम पुढे ठेवून दाखवले. मग मी वेळ मागितला. वेळ मिळाला, आणि दर आठवड्याला लेखी नोंद द्यायची अट पडली. ती अट मला मनापासून पटली.

पहिली गोष्ट आम्ही केली ती जागा बदलण्याची. हरण्याचा केनेल रांगेच्या मध्यभागी होता. समोरून कुत्री फिरायला नेली जात, खाण्याच्या बादल्या जात, पाहुणे जात. प्रत्येक वेळी तो गजांवर धावून जाई, दात दाखवी, भुंके. पाहणाऱ्याला वाटे, दार उघडले तर हा फाडून खाईल. गजांमागे अडकलेला कुत्रा आणि मोकळ्यावरचा कुत्रा यांच्या वागण्यात फार मोठा फरक असतो. दुसऱ्याजवळ जाता येत नाही आणि त्याच्यापासून लांबही पळता येत नाही, म्हणून तो थयथयाट करतो. मामांनी त्याला सगळ्यात शेवटच्या केनेलमध्ये हलवले आणि दाराचा खालचा अर्धा भाग जाड कापडाने झाकला. धावून जाणे त्या आठवड्यातच कमी झाले. तणाव एकावर एक साचत जातो आणि उतरायला दिवस लागतात. त्यामुळे सुरुवातीला आम्ही त्याला काही शिकवायलाच गेलो नाही. त्याला झोपू दिले.

त्यानंतर मामांची पद्धत सुरू झाली. ते दाराबाहेर त्याच्याकडे पाठ करून, जरा तिरके बसत. डोळ्यांत डोळे घालत नसत. हातातला चिकनचा तुकडा त्याच्यापासून दोन हातांवर टाकत आणि गप्प राहत. तो पुढे आला तर आला. काही दिवसांनी तोच येऊन हुंगू लागला. मीही तसेच बसू लागले. हात पुढे करायचा तो खालून, छातीकडे, आणि तीन-चार सेकंदांनी काढून घ्यायचा. मग थांबायचे. त्याने अंग पुढे केले तर पुन्हा हात लावायचा, तोंड फिरवले तर तिथेच संपवायचे. कुत्र्याला ‘नको’ म्हणता येते आणि ते ऐकले जाते, हे कळल्यावर त्याला दात वापरायची गरज कमी पडते.

याच काळात मी कुत्र्याचे अंग वाचायला शिकले. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खाणे समोर नसताना नाकावरून फिरणारी जीभ, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारा पांढरा भाग, एकाएकी ताठरलेले अंग, ही सगळी कुत्र्याची विनंती असते : लांब राहा. शेपूट हलते आहे म्हणजे खूश आहे, हा तर सर्वांत घातक गैरसमज. ताठ, उंच धरलेली शेपूटही हलते. आणि गुरगुरणे हे कुत्र्याने दिलेले उघड बजावणे आहे. गुरगुरला म्हणून काठी मारली, तर तो गुरगुरायचे सोडतो, चावायचे सोडत नाही. मग लोक म्हणतात, काही न सांगताच चावला. हरण्या खाताना ताठ झाला होता, म्हणजे त्याने सांगितले होते. ऐकणाऱ्या मुलीला ती भाषा कोणी शिकवली नव्हती. आता आमच्याकडे नव्या स्वयंसेवकाला आधी ही खूण-ओळख करून देतात, मगच केनेलमध्ये जाऊ देतात.

मुसक्याची सवय लावणे हा आमच्या कामाचा मोठा भाग होता. जाळीदार बास्केट मझल घेतले, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते. आत दही लावून ते नुसते समोर धरायचे. तो स्वतः तोंड आत घालून चाटायचा. पट्टा बांधायला आम्ही कितीतरी दिवस घेतले. मुसके दिसले की लोक कुत्र्याला वाईट समजतात, म्हणून बरेच प्राणिप्रेमी ते टाळतात. माझे मत वेगळे झाले आहे. ज्या कुत्र्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही, त्याला दवाखान्यात नेताना मुसके हे डॉक्टरांचे, कामगारांचे आणि त्या कुत्र्याचेही संरक्षण आहे. एक चावा टळला की एक आयुष्य वाचते.

दर आठवड्याचा कागद मी समितीला देत राहिले. त्यात चांगले तेवढेच लिहीत नसे. एकदा सायकल जवळून गेली तेव्हा हरण्याने दोरीला जोराचा हिसका दिला, तेही लिहिले. एका अनोळखी माणसाने वरून हात आणला तेव्हा तो गुरगुरला, तेही लिहिले, आणि त्यापुढे ‘गुरगुरून मागे सरला, चावला नाही’ हेही लिहिले. व्यवस्थापकांचा सूर बदलत गेला तो या नोंदींमुळे. “वाईटही लिहिता म्हणून चांगल्यावर विश्वास बसतो,” असे ते एकदा म्हणाले.

समितीतल्या एका डॉक्टरबाईंनी सुचवले की त्याची रीतसर स्वभाव-चाचणी घ्यावी. परदेशी शेल्टरांत अशा चाचण्या फार वर्षे चालल्या. खात्या कुत्र्याच्या भांड्यात प्लॅस्टिकचा हात घालून तो काय करतो ते पाहायचे, ही त्यातली एक. २०१६ साली गॅरी पॅट्रोनेक आणि जेनिस ब्रॅडली या अमेरिकी अभ्यासकांनी या चाचण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा शेल्टरमध्ये एकदाच घेतलेल्या अशा चाचणीवर भवितव्य ठरवणे म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा फारसे बरे नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. भेदरलेला, दुखणारा, अनोळखी जागेत अडकलेला कुत्रा अशा चाचणीत जे करतो, त्यावरून तो घरात कसा वागेल ते कळत नाही. अमेरिकेतच २००७ साली फुटबॉलपटू मायकल विक याच्या मालकीच्या जागेतून झुंजीसाठी पाळलेली पिट बुल कुत्री सोडवली गेली, तेव्हा ती मारून टाकावीत असाच सूर होता. न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करवून घेतली. आक्रमकतेमुळे एकच कुत्रा मारावा लागला. कित्येक कुत्री पुढे घरांत नांदली. झुंजीतल्या कुत्र्यांच्या बाबतीत हे घडू शकते, तर दुखऱ्या दाढेच्या कारवानीला एक संधी मिळायला हवी, एवढेच मी बैठकीत म्हणाले. डॉक्टरबाईंनी तो मुद्दा मान्य केला आणि एका दिवसाच्या चाचणीऐवजी आमच्या आठवड्यांच्या नोंदी धरायचे ठरले.

हरण्याला घर मिळाले ते एका निवृत्त जोडप्याकडे. त्यांचे शेत आहे, भोवती उंच कुंपण आहे, घरात लहान मुले नाहीत, आणि काकांच्या वडिलांकडे पूर्वी कारवानी होता. मी त्यांना पहिल्या भेटीतच दोन्ही चाव्यांची पूर्ण हकिकत सांगितली. लपवून दिलेला कुत्रा परत येतो किंवा त्याहून वाईट होते. ते पुन्हा पुन्हा येत राहिले, बाहेर बसत राहिले, आणि हरण्या काकूंच्या पायाशी येऊन बसू लागल्यावरच कागद झाले. अटी लेखी होत्या : झोपेत किंवा खाताना हात लावायचा नाही. दवाखान्यात मुसके घालायचे. पाहुणे आल्यावर त्याला त्याच्या जागी ठेवायचे. रेबीजची लस दरवर्षी. कुंपणाबाहेर दोरीशिवाय सोडायचे नाही. आणि सशाच्या मागे शिकारीला न्यायचे नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. ही शेवटची अट मामांनी आग्रहाने घालायला लावली. कारवानीची जात ज्या कामासाठी प्रसिद्ध आहे, त्याच कामासाठी लोक अजूनही तिला मागतात, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

तिथे गेल्यापासून हरण्याने कोणाला दात लावलेला नाही. अनोळखी माणसाला तो आजही अंगाला हात लावू देत नाही. काका-काकू पाहुण्यांना तसे सांगतात आणि पाहुणे ऐकतात. त्याच्यासारख्या कुत्र्याला एवढे पुरते.

प्रत्येक लाल कार्ड चुकीचे असते, असे माझे म्हणणे नाही. आमच्याच शेल्टरमध्ये एक कुत्रा आहे, ज्याने ओळखीच्या कामगारालाही काहीही कारण नसताना धरून ठेवले आणि गंभीर जखमा केल्या. त्याचीही पूर्ण तपासणी झाली, दुखणे सापडले नाही, वागणे बदलले नाही. तो स्वतंत्र केनेलमध्ये राहतो आणि तिथेच राहील, आणि तो निर्णय योग्य आहे. पण तो निर्णय तपासून घेतलेला आहे. हरण्याच्या बाबतीत तो दोन ओळींवर घेतला गेला होता.

आता या फरकाचे महत्त्व फार वाढले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबाबत सुधारित आदेश दिला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पकडलेल्या जागी परत सोडावीत, पण रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे त्यात सांगितले. लोकांच्या जिवाचा विचार करता हे समजण्यासारखे आहे. मात्र कोणता कुत्रा आक्रमक, हे ठरवायची वेळ शेवटी व्हॅनवरच्या मुलावर, शेल्टरच्या कारकुनावर आणि आमच्यासारख्यांवर येते. घाईत लिहिलेल्या एका शब्दावर एखाद्या जिवाचे उरलेले सगळे आयुष्य पिंजऱ्यात जाऊ शकते.

म्हणून शेल्टर चालवणाऱ्यांना, पालिकेच्या पथकांना आणि स्वयंसेवकांना माझी विनंती आहे. चावल्याची नोंद करताना चार गोष्टी लिहा : चावण्याआधी नेमके काय घडले, हात कुठून आणि कुठे गेला, कुत्र्याने आधी कोणता इशारा दिला, आणि चावून सोडले की धरून ठेवले. लाल कार्ड लावण्याआधी डॉक्टरांकडून कान, दात, सांधे आणि त्वचा तपासून घ्या. कार्ड लावलेच, तर त्याचा फेरविचार कधी होणार ती तारीखही त्यावरच लिहा. चावलेल्या माणसाची विचारपूस करा, त्याच्या लसीचे सगळे डोस पूर्ण होतील हे पाहा. आणि तुम्ही कुत्रा दत्तक घ्यायला गेलात, तर शेवटच्या केनेलपर्यंत चालत जा. तिथे लाल कार्ड दिसले तर कार्ड लावणाऱ्यांना कारण विचारा, आणि नोंदवही दाखवायला सांगा.